खिशातला कांदा आणि निसर्गकविता

वाचनमंडळातल्या मित्रांनो, आज मी पाहुण्याशी भांडलो.

आमच्या उन्हाळी शिबिरात पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांनी रंगून सांगितलं, की रोमँटिक कवितेत माणूस निसर्गाच्या शक्तीपुढे नमतो. मग भर दुपारी मुलांना घेऊन ते पवनारच्या नदीवर निघाले. मी दार अडवलं. उन्हाची लू, तापलेला वारा, लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा दाखवला.

ते हसले. "हाच का तुमचा निसर्ग?"

"हाच. इथल्या उन्हात माणसं मारतो तो. नमायचं म्हणता ना? मग सावलीत बसा."

"सर, काऊन मजा खराब करून राह्यले?" एक विद्यार्थिनी चिडली.

कुणीच गेलं नाही. मुलं माझ्याकडे पाठ करून सावलीत बसली.

पण व्याख्यानानंतर प्राध्यापकांना पडलेल्या टाळ्या मला झोंबल्या होत्या. मी मुलांना वाचवलं, की त्या टाळ्यांचा सूड घेतला?