तीन दगडांची खूण

आमच्या गावच्या कड्यावरून अटलांटिक बघायला येणारा प्रत्येक पाहुणा एकच कौतुक घेऊन येतो. काय हा किनारा, म्हणे, माणसाचा हातसुद्धा लागलेला नाही! मी चार खोल्यांची खाणावळ चालवते. मी मान डोलावते आणि त्यांच्यापुढे माशाचं कालवण नि पाव ठेवते. पण हात कसा नाही लागला? फ्लोरिवालने तो कडा वीत न् वीत चाचपला होता. शेवटची सहा वर्षं तर चाचपण्यापलीकडे त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

फ्लोरिवाल पेर्सेब खरवडायचा, म्हणजे खडकावर वाढणारे, शिंपल्यांसारखे खायचे जीव. लाटा जिथे सगळ्यात जोरात आपटतात, नेमके त्याच खडकाला हे घोसाघोसाने चिकटतात, अंगठ्याएवढे, काळ्या कातडीचे. लिस्बनची माणसं त्यांच्यासाठी जीव टाकतात आणि आमची जीव देतात. ओहोटी लागली की दोराला धरून कडा उतरायचा, लोखंडी पात्याने घोस उचकटायचे आणि मोठी लाट यायच्या आत वर यायचं. हे त्याने पन्नास वर्षं केलं. बाकी माणूस म्हणाल तर खवचट. बायकोशी, देओलिंदाशी, तो दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन शिव्या. कुणाचे उपकार घ्यायचा नाही आणि कुणावर करायचाही नाही. एकदा भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्यासमोर त्याने अख्खी टोपली परत समुद्रात ओतली होती आणि वर म्हणाला होता, "जा, आता त्याच्याशी घासाघीस कर."

काचबिंदूने त्याची नजर गेली, हे गावात दोघींनाच माहीत होतं. देओलिंदाला आणि मला. माझ्या खाणावळीत तो डोमिनो खेळायचा तेव्हा सोंगटीवरचे ठिपके अंगठ्याने मोजायचा. बाकीचे म्हणायचे, म्हातारा लबाडी करतोय. एके दुपारी त्याने दारूचा पेला उचलायला हात घातला तो पेल्याच्या वीतभर अलीकडे पडला. मी बघितलं. मी बघितलं हे त्यालाही कळलं, कसं ते देव जाणे.

"लिओंतीना, बोललीस कुठे तर याद राख."

"मी कशाला बोलू? पण डॉक्टरच्या दाखल्याचं काय करतोस तू? दर वर्षी लागतो ना?"

"अक्षरांचा तक्ता पाठ आहे मला. वरपासून खालपर्यंत. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाला, काका, तुमची नजर घारीची आहे."

आम्ही दोघंही हसलो. दाखला नाही तर बंदराच्या कचेरीतून परवाना नाही, आणि परवाना नाही तर फ्लोरिवालने घरी बसून देओलिंदाला वाटाणे सोलू लागायचे. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो म्हणायचा. तो उगाच बोलणारा माणूस नव्हता.

तो उतरायचा कसा, तर दगडांवरून. कड्यावर उतरायच्या त्याच्या चार जागा होत्या. प्रत्येक जागी त्याने एकावर एक असे तीन चपटे दगड रचले होते. पाऊलवाट पायाला पाठ होती. काठी दगडांना लागली की तो थांबायचा, हात लावून तीन मोजायचा, काठी तिथेच मातीत रोवायचा आणि समुद्राच्या बाजूला दोन पावलं टाकायचा. दुसऱ्या पावलाला लोखंडी खुंटा. खुंट्याला दोर. दोर हातात आला की मग त्याला डोळ्यांची गरज नव्हती. खाली डोळस माणसंही लाट कानानेच ओळखतात.

सात वर्षांपूर्वी आमच्या कड्यावरून पायी हिंडणाऱ्यांची वाट निघाली आणि पाठीवर पिशव्या घेतलेली गोरीगोमटी माणसं माझ्या दारात येऊ लागली. जेवण झालं की विचारायची, इथली काही दंतकथा आहे का? पलीकडच्या गावातल्या खाणावळवालीकडे एक शापित राजकन्या होती. माझ्याकडे काय होतं? कोबी. मग एके दिवशी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, कड्यावर ते तीन तीन दगड दिसले ना तुम्हाला? कोळ्यांच्या बायका रचतात. तीन दगड ठेवले की समुद्र माणूस परत देतो. तुम्हीही ठेवा, तुम्हीही परत याल.

एक बाई तर रडलीच. दुसऱ्या वर्षी माझ्या चारही खोल्या भरलेल्या आणि कड्यावर दगडांचं पीक आलेलं.

फ्लोरिवाल रोज संध्याकाळी जाऊन ते ढिगारे लाथेने पाडायचा. लोक म्हणायचे, म्हातारा खुळावला, दगडांशी भांडतो. मीसुद्धा हसणाऱ्यांत हसले आहे. त्याने पाडावेत आणि यांनी रचावेत, असं पाच-सहा वर्षं चाललं. मग गेल्या उन्हाळ्यात त्याचा गुडघा सुजला आणि रोज जाणं होईना. एका सकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला, टोपी काढून. हा माणूस चर्चमध्येही टोपी कुरकुरत काढायचा.

"लिओंतीना, तुझ्या पाहुण्यांना सांग. दगड रचू नका म्हणावं."

"एवढंच ना? सांगते."

"विनवतोय तुला." हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. "आजच सांग. परवा मोठी ओहोटी आहे."

"सांगते म्हटलं ना, काका. आता बस, कॉफी घे."

तो बसला नाही.

त्या रात्री जेवायला सातजण होते. त्यांत अनेलीस नावाची एक डच मुलगी होती. एकटीच महिनाभर हा किनारा पालथा घालत होती, वहीत खडकांची चित्रं काढत होती, गुणी पोर. तिनेच विचारलं, "ते दगड कशाचे आहेत?" आणि सातही जणांनी चमचे खाली ठेवले. सांगायची हीच वेळ होती. नंतर मी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याचं गुपित फुटेल म्हणून मी गप्प बसले. खोटं आहे ते. 'रचू नका' म्हणायला गुपित कशाला फोडावं लागतं? सात माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं, एवढंच खरं. मी कथा सांगितली. त्या दिवशी जरा जास्तच रंगवून सांगितली.

दुसऱ्या दिवशी अनेलीसने कड्याच्या टोकाला, पाऊलवाटेला लागूनच, जिथून सगळा किनारा दिसतो अशा जागी तीन दगड ठेवले. चांगले निवडून, चपटे, एकावर एक घट्ट बसवून. दुपारी मला वहीतलं चित्रही दाखवलं. मी म्हटलं, छान आहे.

त्याच्या पुढच्या सकाळी एवढं धुकं होतं की मला माझ्या अंगणातली विहीर दिसेना. फ्लोरिवालला धुक्याचं काय? तो नेहमीच्या वेळी निघाला. दुपारपर्यंत परतला नाही तेव्हा देओलिंदाने गावातल्या पुरुषांना हाक मारली. त्यांना त्याची काठी सापडली. अनेलीसच्या दगडांशेजारी, मातीत सरळ रोवलेली. तिथून समुद्राच्या बाजूला एक पाऊल जमीन आहे. दुसरं नाही.

समुद्राने त्याला परत दिलं नाही. नऊ दिवस होड्या फिरल्या. टोपीसुद्धा मिळाली नाही. अनेलीस त्याच सकाळी पहिल्या बसने निघून गेली होती. नाताळात तिचं पत्र आलं. इतका अस्पर्श किनारा मी कुठे पाहिला नाही, दगड ठेवलेत, तेव्हा नक्की परत येईन. मी तिला काही कळवलं नाही. कळवून त्या पोरीच्या गळ्यात माझं पाप कशाला बांधू?

देओलिंदाने मला बोल लावला नाही. फक्त दहाव्या दिवसापासून ती रोज सकाळी, पाहुणे न्याहारीला बसले की काळ्या कपड्यात माझ्या दाराशी येऊन बसू लागली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागली.

"काय गं लिओंतीना, दगड ठेवल्यावर समुद्र माणूस किती दिवसांनी परत देतो?"

पाहुण्यांना आमची भाषा कळत नाही. ते मला विचारतात, आजी काय म्हणतात? मग मला सांगावं लागतं. पहिल्यांदा मी थाप मारली, तर देओलिंदा म्हणाली, "नीट सांग. मी तुझं तोंड बघतेय." तेव्हापासून नीट सांगते. म्हणते, यांचा नवरा समुद्रात गेला, त्या विचारतायत तो परत कधी येईल. पाहुण्यांचे डोळे भरतात. कुणी तिचा हात हातात घेतं. मग ते कड्यावर जातात आणि तिच्यासाठी तीन दगड ठेवतात.

"आज किती ठेवतील?" ती विचारते.

"सहाजण आहेत."

"सहा," ती म्हणते आणि मी दिलेला पाव कॉफीत बुडवून खाते. तिची भूक उत्तम आहे.

संध्याकाळी मी जाते आणि पाडते. मला कुणी सांगितलेलं नाही. माझेही गुडघे आता दुखतात. गाव म्हणतं, आता हिलाही खूळ लागलं. सुरुवातीला मी ठरवलं होतं की त्याचे चार ढिगारे तेवढे ठेवायचे. पण मी ते कधी नीट बघितलेच नव्हते. त्याच्यामागे कचेरीच्या माणसांनी खुंटे उपटून नेले होते, त्यामुळे तीही खूण उरली नव्हती. एका संध्याकाळी धुकं उतरलं तेव्हा मी एका ढिगाऱ्याला हात लावून बसले, तीन मोजले आणि मनात म्हटलं, हा त्याचाच असेल तर पुढे दोन पावलं जमीन आहे. उठून उभी राहिले. एक पाऊल टाकायचं धाडस झालं नाही. गुडघ्यांवर रांगत वाटेपर्यंत मागे आले आणि मग परत जाऊन तोही पाडला.

दुसऱ्या सकाळी देओलिंदा आली तेव्हा पाहुणे अजून उठले नव्हते. तिने माझे खरचटलेले हात बघितले.

"पाडलेस सगळे?"

"पाडले."

"त्याचेसुद्धा?"

"मला नाही कळलं गं, त्यातले त्याचे कुठले ते."

तिने पाव कॉफीत बुडवला.

"त्यालाही नाही कळलं," ती म्हणाली.