मशीनला माझा भाऊ दिसत नाही

भूतखेत, करणी, नजर... असलं काही मी कधीच मानलं नाही. उलट मानणाऱ्यांची टर उडवण्यात मी सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय — पण कुणाशी तरी बोलायला हवं.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गेटवरचं चेहरा बघून हजेरी लावणारं मशीनही माझ्याकडेच. माझा धाकटा भाऊ गणेश तिथंच लेथवर काम करतो.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळ्या मशीनची पूजा होते. कुणीतरी भक्तिभावानं या मशीनलाही हळदकुंकू लावलं — नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर! दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर ते कुणालाच ओळखेना. खूप हसलो आम्ही. मी काच पुसली आणि सगळ्यांची हजेरी लागली. एकट्या भानुदासकाकांची सोडून. काका आमचे जुने वेल्डर. ते उभे राहिले की स्क्रीनवर यायचं, 'चेहरा आढळला नाही'.

मला त्यात नवल वाटलं नाही. ऊन पाठीमागून आलं की कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो, धुळीनंही गोंधळ होतो. काकांना सावलीत उभं केलं, टोपी काढायला लावली, चेहरा नव्यानं नोंदवला. नाहीच. काका हसून म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाबा. त्याच्या लेखी मी नायच."

त्याच आठवड्यात काका झोपेतच गेले.

योगायोग, असं मी सगळ्यांना ठासून सांगितलं. तरी गुपचूप मशीन आत, ट्यूबलाइटखाली हलवलं. समोर कोरी पांढरी भिंत, ना ऊन, ना धूळ. नंतर कुणाचीच तक्रार आली नाही.

या सोमवारी गणेश समोर उभा राहिला... 'चेहरा आढळला नाही'. त्याच जागी मी उभा राहिलो, लगेच माझं नाव आलं. पुन्हा तो. नाही. मशीन विकणाऱ्यांचा माणूस बघून गेला, बिघाड काहीच नाही म्हणाला. गणेशला ओढत डॉक्टरकडे नेलं — ईसीजी नॉर्मल. तो वैतागला. "दादा, मला काय धाड भरलीय? ती ट्यूब बदल की."

ट्यूब बदलली. फरक नाही.

याचं कारण सांगणारा मला अजून भेटलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, हसलात तरी चालेल. काल जेवायला बसलो तेव्हा गणेश समोर भाकरी मोडत होता. आई मला म्हणाली, "त्याच्या तोंडाकडं काय बघत बसलास? जेव की."

ताटात बघितलं असतं तर... वर बघेपर्यंत तो तिथं असेल, याची मला खात्री वाटत नव्हती.