मेहुण्याच्या टर्बोचा दम

आमच्या मेहुण्याच्या गाडीचा दम नेमका कुठून जातो, हे शोधण्यासाठी सर्वप्रथम माझ्या बायकोचं वजन करण्यात आलं.

ही पद्धत चुकीची होती, हे मी आज मान्य करतो. पण मी मोजणी खात्यातला माणूस. शंका आली की आधी मोजायचं, मग विचार करायचा!

मेहुणा कुवेतला नोकरीला. ऐंशीच्या दशकात त्यानं तिकडून डिझेलवर चालणारी एक परदेशी गाडी आणली आणि सहा महिन्यांसाठी परत जाताना ती निपाणीत आमच्या दारात उभी केली. गाडीच्या पाठीवर इंग्रजीत ‘टर्बो’ असं लिहिलेलं. गल्लीतली माणसं मुद्दाम येऊन ते वाचून जायची.

“दाजी, आठवड्यातनं एकदा फिरवत जावा,” मेहुणा म्हणाला. “आन् पाइपांच्या क्लिपा तेवढ्या बघत जावा. ढिल्या होत्यात.”

“तू घोर करू नगंस रं,” बायको छाती पुढे काढून म्हणाली. “ह्यांच्याकडं दिल्याली वस्तू नव्यागत परत मिळती!”

आता रविवारी मेहुणा सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणार, आणि बुधवारी गाडीनं तवंदीच्या घाटात मान टाकली. महिन्यापूर्वी हाच चढ आम्ही चौघांनी चार मिनिटं वीस सेकंदांत चढला होता. (वहीत नोंद आहे.) आता पाय पार तळाला टेकवला तरी गाडी नुसती फुसफुसत होती, मागे काळ्या धुराचा लोट! आधी तंबाखूची लॉरी पुढे गेली. मग डबलसीट मोपेड गेली. शेवटी एक बैलगाडीवाला शेजारी आला आणि कळवळून म्हणाला, “पावणं, दोर बांधू काय?”

अकरा मिनिटं पंचेचाळीस सेकंद!

“वजन वाढलंय,” मी निदान केलं.

“कुणाचं?” बायकोनं विचारलं. मी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं, तेच उत्तर झालं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या तंबाखू वखारीत सगळ्यांना काट्यावर चढवलं. मी त्रेसष्ट, मुलगा चाळीस, मुलगी अडतीस. बायको चढली तसा हमाल साऱ्या वखारीला ऐकू जाईल असा ओरडला, “एकाहत्तर! बारदान वजा करू काय, सायेब?”

नेसूच्या नव्या इरकलीला बारदान म्हटल्यावर बायको जी काट्यावरून उतरली, ती थेट घरीच गेली. एकूण बेरीज दोनशे बारा किलो. मागच्या महिन्याचं वजनच घेतलेलं नसल्यामुळे या आकड्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी निमूटपणे बाबू मिस्त्रीला बोलावलं. बाबू धरणावरच्या मोठमोठ्या यंत्रांवर काम केलेला. गावात टर्बो आतून पाहिलेला तो एकटाच.

“सायेब, हिच्यात एक भिंगरी अस्ती,” तो म्हणाला. “इंजनाचा धूर भिंगरीला फिरवतोय, आन् भिंगरी इंजनात हवा कोंबती. कोंबल्याली हवा मधीच कुठंतरी पळाली की डिझेल नीट जळत न्हाय. मग मागनं काळा धूर, आन् गाडी बसली.”

“पण दारात उभी असताना तर झकास चालते!”

“उभं असताना तुमास्नी तरी कुठं धाप लागती?”

त्यानं हवेचा फिल्टर काढला, त्या तोंडात फडकं गुंडाळलेला आमचा तांब्या बूच म्हणून ठोकून बसवला आणि तोंडाच्या बाजूला फुटलेल्या बारक्या नळीला एक रबरी नळी जोडली. “ह्यातनं आत धूर सोडायचा. जिथं भोक, तितनं त्यो भाईर येतोय.”

“धूर कशाचा?”

“निपाणीत ऱ्हाऊन इचारताय व्हय?” म्हणत त्यानं बिडीचा कट्टा पुढे केला. “मला दमा हाय. तुमी ओढा.”

“मी?” मी ताडकन म्हणालो. “मी चार वर्षांमागं सोडली!”

“सोडली न्हाय, परसात हलवली,” स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. “रोज सकाळी दोन. बंबाच्या मागं.”

“तीन,” मी म्हणालो. (चुकीचा आकडा कानावर पडला की मला राहवत नाही!)

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी ओढत होतो, नळीत सोडत होतो, खोकत होतो. शेजारीपाजारी जमले. “जोर लावा, सायेब!” सहाव्या बिडीला एका जाड रबरी पाइपाखालून धुराची बारीक रेघ निघाली.

“आरं तिच्या! घावलं!” बाबू ओरडला. त्यानं तिथली क्लिप सोडवली. खालचा पाइप विळा ओढल्यासारखा कापला गेला होता. “ही कुणी आवळलीया? रेड्याचं बळ लावलंय!”

“कंपनीनंच आवळली असेल,” मी म्हणालो.

बायको शांतपणे आत गेली आणि माझी वही घेऊन आली. “पहिला रविवार, क्लिप अर्धा आटा आवळली. दुसरा रविवार, क्लिप अर्धा आटा आवळली. तिसरा रविवार...”

“सगळं वाचायची गरज नाही.”

“सव्वीस रविवार हाईत.”

“तेरा आटे!” बाबूनं कपाळाला हात लावला. “अवो, ढिली झाली काय ते नुसतं बघायचं! ढिली नसंल तर हात लावायचा न्हाय!”

ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या पाइपाचा तुकडा बसवून बाबूनं गाडी चालती केली. शनिवारी घाट चार मिनिटं पंधरा सेकंदांत चढला.

“त्येला ह्यातलं एक अक्षर बोलायचं न्हाय,” बायकोनं बजावलं. मी मान डोलावली.

रविवारी सांबऱ्याहून निघताना मेहुण्यानं स्वतः स्टिअरिंग घेतलं. पहिल्याच चढाला तो खूश झाला. “दाजी, पयल्यापरीस लई जोरात वडतीया की!”

“पाच सेकंदांनी,” मी म्हणालो.

“कशापरीस?”

बायकोनं मागून चिमटा काढला, पण सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणं मला जमत नाही. वजन, बिड्या आणि तेरा आटे सांगून होईपर्यंत संकेश्वर आलं.

दारात उतरल्यावर त्यानं किल्ली बहिणीच्या हातात दिली. “आक्का, पुढच्या खेपेपातुर ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे.”

तेव्हापासून मला गाडी फक्त पुसायची परवानगी आहे. बाहेरून, कोरड्या फडक्यानं. आणि तेवढ्यासाठीसुद्धा बायको शेजारी उभी राहून दर दोन मिनिटांनी म्हणते, “हळू! जोर लावू नगासा!”