कुरडूचा तुरा

नात नांदेडला कॉलेजात होती तेव्हा तिला आणि तीन मैत्रिणींना मिळून रानभाज्यांची माहितीपुस्तिका करायची होती. चौघी आठवडाभर आमच्या भोकरकडच्या घरी राहिल्या. आता त्या नोकरीला लागल्या आहेत. घरात तशी गजबज पुन्हा झाली नाही. मला ती हवी होती असं नाही, पण आठवते.

भाज्या मी दाखवल्या, लिहिलं त्यांनी. मी चौथी शिकलेली. अक्षर लावत लावत वाचते. त्यांनी त्याचाच उपयोग केला. पान पुढं धरून म्हणायच्या, "आजी, अडखळशील तिथं बोट ठेव." मी बोट ठेवलं की ते वाक्य जायचं. पहिल्या दिवशी निम्मं पान गेलं. लिहिणारी पोरगी रडवेली झाली.

"रडतीस काय? वाचणारी बाई खुरपं घेऊन उभी हाय. तिला एवढा टाइम न्हाई."

मुखपृष्ठ नातीनं केलं होतं. कुरडूचा गुलाबी तुरा, मागं मावळतीचा उजेड. त्या फोटोसाठी ती दोन संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली होती. आतल्या भाज्याही तशाच, फुलावर आलेल्या.

"देखणं हाय," मी म्हटलं. "पण तुरा आल्यावर कुरडू कोण खातं? बोटभर असताना खुडायची."

"आजी, कव्हर हाय ते. मार्क हायेत त्याला."

"हे बघून कुणी रानात गेली तर जरड पाला आणंल. घरचे तिला बोलतील, तुमच्या पुस्तकाला न्हाई."

नात उठून गेली. जेवली नाही. मी समजूत काढायला गेले नाही.

सकाळी बघते तर चौघी पाटाच्या कडेला चिखलात पालथ्या पडून कोवळ्या रोपांचे फोटो काढत होत्या. उंची कळावी म्हणून नातीनं माझा हात रोपाशेजारी ठेवला. माझ्याशी बोलली मात्र नाही. मुखपृष्ठावर तोच फोटो गेला. काळा हात आणि चार पानं. दिसायला काही खास नव्हतं.

सरांनी मुखपृष्ठाचे मार्क कापले. नातीनं फोनवर सांगितलं.

"मग तुरा ठेवायचा होतास," मी म्हटलं.

"आता म्हणतीस व्हय! कापू दे. आमच्यातल्या लातूरच्या मैत्रिणीची आई शहरातच वाढलेली. पुस्तिका बघून तिनं कुणाला न विचारता कुरडू खुडून आणली."

"कोवळी होती का?"

"हाव. मीठ तेवढं लई पडलं."