मिनिव्हॅनचे दिवे

२००५ साली अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. मी मरणाऱ्या बापाचं काम करत होतो. शेवटचं वाक्य बोलणार, तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी माईक घेऊन सरळ स्टेजवर आले. "सॉरी हं, ग्रे मिनिव्हॅन कोणाची? लाइट्स चालू राहिलेत." लोक समोसे खाता खाता हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण खाटेवरून उठून भांडायची सोय नव्हती.

नाटक संपल्यावर एक अनोळखी काका आले. पायरीशी बूट काढून त्यांनी स्टेजला हात लावला, तो कपाळाला टेकवला, मग वर आले. रागातच बोलायला लागले.

"गेल्या वर्षी टूरबरोबर ग्रीसला गेलो होतो. तिथलं प्राचीन थिएटर पाहिलं. आता नुसते पडके दगड उरलेत. गाइडने मधोमध उभं राहून कागद फाडला, तो आवाज मला सगळ्यात वरच्या ओळीत ऐकू आला. कारण एकही माणूस बोलत नव्हता."

मी नाव विचारलं, तर त्यांनी नुसताच हात झटकला. पायरीशी बूट घालायला वाकले आणि तिथूनच म्हणाले, "तिथे नाटक नाही, नट नाही, तरी लोक गप्प. इथे माणूस मरतोय, आणि ह्यांना पडलीय मिनिव्हॅनच्या दिव्यांची."