हिरव्या पाण्याची बाटली

जीपचं ऑइल बदलायचं झालं की मी आजही मंचरला जातो. जुन्नरहून मंचरला निघालं की वाटेत वारूळवाडी लागते, आणि तिथं रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये भिमाजी मिस्त्री काम करत असतो. जुन्नर, आंबेगाव, दोन्ही तालुके पालथे घाला, इंजिनाचा असा जाणकार सापडायचा नाही. तरी मी त्याच्या दारावरून पुढं जातो. का, ते सांगतो. सांगताना माझंच डोकं फिरतं, पण सांगतो.

शहाण्णव सालची गोष्ट. भिमाजी तेव्हा नारायणगावात नानासाहेबांच्या गॅरेजमध्ये कामाला होता. बौद्धवाडीतला, माझ्याच वयाचा, बोलायला कमी. नानासाहेब म्हणजे बडं प्रस्थ. पायात करकरीत वहाणा आणि तोंडात कायम एकच, "माझ्या हातचं इंजिन धा वर्सं उघडायला लागत नाय." माझ्या जीपचं हेड गॅस्केट त्यांनी स्वतः बदललं. इंजिनाच्या दोन भागांमधली ती पातळ पट्टी. ती नीट बसली नाही की रेडिएटरचं पाणी ऑइलात उतरतं. नानासाहेबांना त्या दिवशी कुठल्याशा साखरपुड्याला जायची घाई होती. बोल्ट आवळले न आवळले आणि गेले. भिमाजीनं मागून फक्त ऑइल ओतलं.

आठ दिवसांनी भर बेल्ह्याच्या बाजारात गाडी बसली. मी व्यापारी घेऊन गेलो होतो. इंजिन जाम, किल्ली फिरवली तर ढिम्म. नानासाहेब तिथंच एका खोंडाचे दात बघत उभे होते. त्यांनी निरोप धाडून भिमाजीला बोलावलं. त्यानं गाडीखाली शिरून नट सोडला, तर ऑइल कसलं, दूध जास्त झालेला चहा. माणसं गोळा झाली. भिमाजी हळूच म्हणाला, "नाना, पाणी शिरलंय. गॅस्केट बघाया पायजे."

झालं! नानासाहेब असे तडकले.

"गॅस्केट? माझ्या हातचं गॅस्केट? अरं, ऑइलचा डबा गळक्या पत्र्याखाली उघडा ठिवला कुणी? तूच ना? पावसाचं पाणी गेलं डब्यात, आन् त्येच तू इंजिनात वतलं! बघा लोकहो, ह्याला तेल कळत नाय आन् पाणी कळत नाय. मिस्त्री कसला, पाणीमिस्त्री हाय हा!"

सगळा बाजार हसला. आणि मी? मी पुढं झालो आणि भिमाजीच्या कानाखाली वाजवली.

खरं सांगतो, तो हात त्याच्यावर उठला, कारण त्याच्यावर उठणं सोपं होतं. नानासाहेबांवर उठला असता का? नाव काढू नका. भिमाजीनं गालसुद्धा चोळला नाही. चहावाल्याकडून काचेची रिकामी बाटली मागून घेतली, ती घाण तिच्यात गळ्यापर्यंत भरली, बूच मारलं. मग नानासाहेबांकडं बघून म्हणाला, "नाना, हितं बोलला तुमी. हितंच परत बोलाल." आणि चालत निघाला.

त्यानंतर आठवड्यानं तो बाटली घेऊन माझ्या दारात आला. "सोपान, बाटली उन्हात ठिवली व्हती. खाली काय बसलंय ते बघ." मी म्हणालो, "चल नीघ." आणि दार लावून घेतलं. त्यानं नारायणगावला पुखराजशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन बाटलीवर कागद चिकटवून घेतला. शेठनं त्यावर तारीख घातली, सही केली. नानासाहेबांनी त्याला कामावरून काढलंच होतं.

पुढची दहा वर्षं भिमाजीनं कशी काढली, ते वारूळवाडीला विचारा. शेड टाकली, पण जीप, टेंपो कोण आणणार? पाणीमिस्त्री ना तो! विहिरीवरची डिझेल इंजिनं आणि खटारा मोटारसायकली, एवढंच यायचं. बायको रत्ना, तिचा भाकरीचा तवा त्यानं शेडमध्ये आणून ठेवला. कुठलंही इंजिन येवो, आधी तवा स्टोव्हवर तापवायचा आणि ऑइलचा एक थेंब त्यावर सोडायचा. थेंब गुपचूप पसरला तर ऑइल चोख. तडतडला तर पाणी आहे. टपोरी लोक म्हणायचे, "भिमाजी इंजिनाची धिरडी घालतोय." तो हसायचा नाही. एकदा त्याची पोरगी शाळेतून रडत आली. पोरं तिला 'पाणीमिस्त्रीची' म्हणायची. त्या दिवशी भिमाजी जेवला नाही. नुसता ती बाटली बघत बसला. ती बाटली बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर असायची. रत्नानं एकदा फेकायला काढली तर म्हणाला, "घर फेक, पण ती नगं."

त्याला काय पैसा पाहिजे होता का गॅरेज? काही नाही. त्याला त्याचं नाव परत पाहिजे होतं, आणि ते ज्यानं हिसकावलं त्याच्याच तोंडून, त्याच जागी. असला दात धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन हजार सहाच्या जानेवारीत माझ्यावर पाळी आली. तोवर मी दुसरी जीप घेऊन जुन्नर स्टँड ते लेण्याद्रीचा पायथा अशा खेपा मारत होतो. थंडी मरणाची. एक दिवस ऑइल टाकायचं झाकण उघडलं, तर आत पांढरा फेस, लोण्यासारखा. नानासाहेबांकडं गेलो. त्यांनी नुसतं झाकण बघितलं. "गॅस्केट गेलं. ब्लॉकला पण चीर असंल. इंजिन उतरवाया लागंल. आन् गाडी एक पाऊल चालवू नगस, जाम व्हईल."

खचलो मी. पुखराजशेठकडं भाव काढायला गेलो, तर शेठ म्हणाले, "सोपान, उतरवायच्या आधी भिमाजीला दाखव." कुठल्या तोंडानं दाखवू? पण पोटाचा प्रश्न. झाकण फडक्यात गुंडाळलं, ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, डिपस्टिकवरचं, थोडं ऑइल शिशीत घेतलं आणि गेलो वारूळवाडीला.

भिमाजीनं मला ओळखलं, बस म्हणाला नाही. थेंब तव्यावर टाकला. तडतडला. मग विचारलं, "खेप केवढी?"

"सहा किलोमीटर."

"आन् मधी?"

"गाडी भरंस्तवर थांबायचं. तास, दीड तास."

तेव्हा भिमाजी हसला. दहा वर्षांत पहिल्यांदा हसला असेल. म्हणाला, "बाजारच्या दिवशी गाडी बेल्ह्याला आण. टेंपोमागं बांधून, वढत. चालवलीस तर मी हात लावणार नाय. नाना असतोच तिथं." गाडीला काय झालंय ते काही केल्या सांगेना.

नेली ओढत. बाजार भरलेला, नानासाहेब चहा पीत बसलेले. मी म्हणालो, "नाना, गाडी आणलीय. एकदा सगळ्यांसमोर बघा." माणसं जमली की त्या माणसाला चेव चढायचा. झाकण उचलून दाखवलं, "ह्ये बघा! रेडिएटरचं पाणी ऑइलात! आंधळ्याला कळंल." तेवढ्यात गर्दीतून भिमाजी आला. एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात तवा, खांद्याला पिशवी.

कुणीतरी ओरडलं, "आला, पाणीमिस्त्री आला!"

भिमाजी नानासाहेबांना म्हणाला, "नाना, तुमी जाणते. एकच इचारतो. रेडिएटरच्या पाण्यात हिरवं कूलंट घातलं असंल, आन् गॅस्केटातनं पाणी उतरलं, तर ऑइलाखाली पाणी कुठल्या रंगाचं बसंल?"

"हिरवं बसंल. येवढं कळत नाय व्हय रं तुला?"

"आन् पावसाचं असंल तर?"

"पाऊस काय हिरवा पडतो का?" बाजार हसला. नानासाहेब पण हसले.

"ऐकलं ना समद्यांनी?" भिमाजी म्हणाला. मग त्यानं झाकण फडक्यानं लख्ख पुसलं, रेडिएटर काठोकाठ भरला आणि मला म्हणाला, "धा माणसं बसव. आळेफाट्याला जाऊन ये, दोनदा. मधी थांबू नगस."

नानासाहेब ओरडले, "इंजिन जाम व्हईल!" पण गेलो. दुसऱ्या खेपेला इंजिन असं गुणगुणायला लागलं की काय सांगू. परत आलो, गाडी निवेस्तवर दोन चहा झाले, माणूस हलला नाही. झाकण उघडलं तर कोरडं. रेडिएटर काठोकाठ. थेंब तव्यावर सोडला. सगळा बाजार कान देऊन उभा. थेंब गुपचूप पसरला.

"इंजिनाला काय झालं नाय," भिमाजी म्हणाला. "सहा किलोमीटर पळतंय, तापायच्या आत थांबतंय. थंडीत आत दमट धरतं, त्येचाच फेस. तापलं का उडून जातो. गाडी वढत आणली नसती, तर हितं यायच्या आतच उडाला असता."

नानासाहेब उठायला लागले. भिमाजी त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि पिशवीतून बाटली काढली. वर काळं ऑइल, मधे पिवळट साय, आणि तळाला चार बोटं हिरवं पाणी. शेठची सही, शहाण्णवची तारीख.

"कशावरनं तीच बाटली? कुठनंबी भरून आणली असंल!"

भिमाजी माझ्याकडं वळला. "सोपान, बोल."

तेव्हा मला कळलं, ह्यानं मला कशाला इथवर आणलं. माझ्या त्या जुन्या जीपमध्ये हिरवं कूलंट होतं. शेठकडून मीच घेतलं होतं, चार ठिकाणी मिरवलं होतं. आणि त्या दिवशी दार लावायच्या आधी मी बाटली बघितली होती. खालचं हिरवं मला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच दार लावलं. कबूल केलं असतं तर नानासाहेबांशी वैर घ्यावं लागलं असतं, आणि मारलेल्या थपडेचं काय करायचं होतं?

"तीच बाटली हाय," मी म्हणालो. "आठव्या दिवशी माझ्या दारात आणली व्हती. हिरवं मी बघितलं व्हतं."

भिमाजी नानासाहेबांना म्हणाला, "आता बोला. त्या दिवशी बोलला तेवढ्याच मोठ्यानं."

"गॅस्केट मी बसवलं व्हतं," नानासाहेब पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू आलं नाय."

"मी बसवलं व्हतं! चूक माझी व्हती!"

खोटं कशाला बोलू, मला लई गोड लागलं ते. असंच पाहिजे, मेल्या! मागून कुणीतरी म्हणालं, "पाणीमिस्त्री तर ह्यो निघाला की!" ते नाव नानासाहेबांना जे चिकटलं ते चिकटलंच. वर्षाच्या आत त्यांचं गॅरेज ओस पडलं, आणि भिमाजीच्या शेडपुढं गाड्यांची रांग लागली.

मी हरखून भिमाजीचा हात धरला. "भाऊ, माफ कर. आता गाडी कायम तुझ्याकडंच."

त्यानं हात सोडवून घेतला, फडक्याला पुसला. "नाना सोताची कातडी वाचवाया खोटं बोलला. तुला खरं दिसलं व्हतं, सोपान. आठवड्यातनं एकदा गाडी लांब पळवत जा. आन् माझ्या दारात तिचं बॉनेट उघडायचं नाय. कधीच नाय."

तीन वर्षं झाली. परवा मंचरला निघालो आणि वारूळवाडीच्या अलीकडंच इंजिनात बारीक टकटक सुरू झाली. मंचरच्या मिस्त्रीला काय ती अजून सापडलेली नाही. शेडसमोर आलो तेव्हा भिमाजीनं मान वर केली आणि कान दिला. काय बिघडलंय ते त्याला कळलं. त्याच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं. मी गाडी हळू केली.

त्यानं मान खाली घातली आणि हातातलं काम पुढं सुरू केलं.