आतून न उघडणारं दार
नव्या कारच्या सीटचा वास आला की अजून माझा हात आधी दाराच्या खटक्याकडे जातो. शाळा सोडल्यावर मी आमच्या धाड गावाहून बुलढाण्याला शिवणक्लासला जायची. एकदा धुक्यात एसटी येईना, तेव्हा एका अनोळखी माणसानं कार थांबवली. “वाट काऊन पाहून राह्यली? बस, सोडतो बुलढाण्याले. आपली गाडी, आपली मर्जी.” मी मागं बसले. तो आरशातून एकटक पाहू लागला. घाबरून उतरते म्हणाले, तर दाराचा खटका नुसताच हलला. “आतून नाही उघडत. लेकरं बसतात ना मागं.” पण सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. पुढं म्हशी आडव्या आल्या, कार थांबली आणि मागून एसटी आली. मी काच बडवली. रोजच्या कंडक्टरकाकांनी उतरून बाहेरून दार उघडलं. “काऊन वं पोरी, आमचा लाल डबा नको झाला का तुले?” तो माणूस खरंच वाईट होता का, हे आज इतक्या वर्षांनी, दूर सुरतेत बसूनही मला माहीत नाही. काका, तुमच्यामुळे ते कळायची वेळच आली नाही.